केशरची चुकलेली पाळी

“पाळी येते का?” टेबलामागच्या वसुधाताईंनी विचारलं.

“येते की,” केशर म्हणाली.

“वेळेवर?”

“हो. महिन्यातनं एकदा.”

“मागची कधी आली होती?”

केशरनं मान खाली घातली. “मागची चुकली, ताई. पोटात लई दुखत होतं.”

ताईंचं पेन थांबलं. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. केशरच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे. केशर लोंढे म्हणजे नुसती काडी होती, हाताची हाडं मोजून घ्यावीत अशी. पण दिवाळीपासून तिच्या स्कर्टचा हूक लागत नव्हता, तिथं ती सेफ्टी पिन लावायची. ताईंनी ती पिन बघितली, खुर्ची मागे सरकवली आणि आमच्या डांगेबाईंच्या कानाशी लागल्या. डांगेबाईंनी ऐकलं आणि तोंडाला पदर लावला.

“पुढची,” ताई म्हणाल्या.

पुढची मी होते. मलाही तेच विचारलं. मी खरं ते सांगितलं, “या महिन्यात दोनदा झाली.”

“अशक्तपणा आहे,” ताई म्हणाल्या आणि माझ्या हातात लाल गोळ्यांची पुडी ठेवली. त्यांचं लक्ष केशरकडे होतं. मला नवल वाटलं. दोनदा केली म्हणून कुणी गोळ्या देतं का? पण फुकटच्या होत्या, मी खिशात टाकल्या.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. मला कुणी सोज्ज्वळ म्हणत नाही, माझी जीभ फटकळ आहे आणि ती तशी का झाली ते त्या दिवसात आहे.

आमचं हायस्कूल कॅनॉलच्या कडेला. त्या दिवशी तिथं आठवी-नववीच्या मुलींसाठी मार्गदर्शन शिबिर होतं. मुलांना मैदानावरचे खडे वेचायला पाठवलं होतं. ते खिडक्यांना येऊन लटकायला लागले म्हणून खिडक्या लावल्या. चैत्रातलं ऊन, वर पत्रा आणि आत आम्ही पन्नास जणी, खोबरेल तेल आणि घामाचा नुसता आंबूस वास. तालुक्याच्या कुठल्याशा संस्थेतून आलेल्या वसुधाताई रुमाल नाकाला लावून बोलत होत्या. मागे जास्वंदीच्या फुलाचा तक्ता.

“मुलींनो, तुम्ही कळ्या आहात,” त्या म्हणाल्या. “कळीचं फूल होताना बदल होतात. घाबरायचं नाही. पण फूल जपायचं. भुंगे फार असतात.”

तासभर हेच. फूल, पावित्र्य, जपणं. माझ्या शेजारी केशर पोट धरून, घामानं भिजून बसली होती. मी तिला विचारलं, “तुला काही कळतंय का गं?” ती म्हणाली, “जास्वंदीचं आहे कायतरी.”

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकात धडा असतो की. होता. पण शास्त्र शिकवायचे आमचे हेडमास्तर पिसाळ सर, आणि त्यांची रीत अशी की जूनमध्ये पुस्तकं हातात आली की पहिल्याच तासाला मुलींना खळ करून आणायला सांगायचे. “त्या धड्याची पानं एकमेकांना चिकटवून टाका. परीक्षेला येत नाही.” आम्ही घरनं पिठाची खळ नेऊन पानं चिकटवायचो. पुढं पावसाळ्यात त्या पानांना बुरशी धरायची आणि झुरळं लागायची. माझ्या पुस्तकात तर एक झुरळ चिरडून वाळून बसलं होतं. त्या धड्याची आमची सगळी माहिती म्हणजे तो कुबट वास.

घरी तरी कोण सांगणार? घरी त्याला कावळा शिवणं म्हणायचे. मला आदल्या वर्षी कावळा शिवला, आईनं चार दिवस बाजूला बसवलं, संपला विषय. केशरला तर आईच नव्हती. बाप दूध संघाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आणि घरात चुलती, वच्छाकाकू.

मग एकेकीला टेबलापाशी बोलावून ते प्रश्न विचारले आणि शिबिर संपलं. डांगेबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “मंदा, केशरचं दप्तर घेऊन ऑफिसकडे ये. आणि तिला काही विचारू नकोस.”

मी दप्तर घेऊन ऑफिसच्या दाराशी उभी राहिले. दार अर्धं उघडं होतं. केशरला खुर्ची दिली नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती, तर सर म्हणाले, “भिंतीला हात लावू नकोस.”

मग विचारलं, “कोण आहे तो?”

“कोण सर?”

“जास्त शहाणपणा करू नकोस. पोट कुणाचं आहे?”

“माझंच आहे सर,” केशर म्हणाली.

शप्पथ सांगते, ती चेष्टा करत नव्हती. ती नववीत पहिली यायची, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायची तिला सवय होती. सरांनी टेबलावर हात आपटला. वसुधाताई म्हणाल्या, “सर, रागावू नका, या वयात होतं. पाळी नियमित होती, आता चुकली आहे, स्वतःच कबूल केलंय तिनं.” असं म्हणून त्यांनी बशीतलं बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं. ते मऊ झालेलं बिस्किट त्यांच्या ओठाला चिकटलेलं मला अजून दिसतं.

तेवढ्यात शिपाई बादली घेऊन आमच्या वर्गाकडे गेला. सरांनी केशरचा बाक फिनेलनं धुवायला सांगितला होता. बाक, बरं का. त्या बाकावर तिच्या शेजारी मी बसायचे. मी पण तशीच बसले होते, घामानं थबथबलेली. मला कुणी धुतलं नाही.

तासाभरात केशरचे वडील विष्णूकाका आले, संघाचा टेम्पो तसाच घेऊन, आणि बरोबर वच्छाकाकू. सर त्यांना म्हणाले, “लोंढे, परवा तपासणी आहे. मला शाळेत हा घाण प्रकार नको. दाखला घेऊन जा आणि काय करायचं ते घरात करा.”

“कसला प्रकार?” विष्णूकाका म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग डांगेबाईंनी वच्छाकाकूला बाजूला घेऊन सांगितलं आणि वच्छाकाकूनं विष्णूकाकांना सांगितलं.

वच्छाकाकूला राग कशाचा आला असेल? पोटाचा आला, पण तो नंतर. तिचं पहिलं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. “म्हंजे हिला कावळा शिवतोय? आणि मला पत्ता लागू दिला न्हाई? वरीसभर तशीच चुलीपाशी वावरली? माझं देव बाटवलं गं ह्या रांडेनं.”

केशर म्हणाली, “काकू, मला कावळा शिवला न्हाई. देवाशप्पथ.”

“मग आत्ता बाईस्नी काय सांगितलंस? पाळी येती म्हणून?”

“ती येतेच की. पाळी सगळ्यांचीच येती.”

विष्णूकाकांनी तिच्या थोबाडीत मारली. ती पोटावर हात धरून खाली बसली. सर उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले, म्हणजे त्यांना बघावं लागू नये. शेवटी वच्छाकाकूनं तिला दंडाला धरून उठवलं. व्हरांड्यातनं जाताना ती दिराला हळूच म्हणाली, “आरडाओरडा करू नका. म्या काढा करते. माझ्या माहेराकडं एकीला दिला होता. सांजच्या आत मोकळी हुती.”

तिच्या माहेरची ती एक कोण, आणि मोकळी होऊन कुठं गेली, ते आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या नावानं दर वर्षी श्राद्धाचं पान वाढायचे.

मी दप्तर तिथंच टाकलं आणि पळत सुटले.

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही, पण तोंड वाकडं झालं.

“केशरचं असं काय असंल असं वाटत न्हाई मला,” ती म्हणाली. “पण पोट दिसतं हे खरं. तिला कावळा शिवतो का?”

“नाही. अजून नाही. तिनं मला सांगितलं असतं.”

“मग त्या बाईला कुणी सांगितलं, पाळी येती म्हणून?”

“केशरनंच. येतेच की तिची पाळी. फक्त या सोमवारची चुकली. पोटात इतकं दुखत होतं की वाकता येईना. मग तिची मी केली.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “तिची तू केलीस? काय केलंस?”

“झाडलं. वर्ग झाडला. रांजण भरला. दाराच्या मागं लिहिलेलं असतं ना, कुणाची पाळी कधी ते. महिन्यातनं एकदा येते प्रत्येकीची. माझी दोनदा झाली या महिन्यात. बघ, त्या बाईंनी गोळ्या दिल्या.”

मी खिशातली लाल गोळ्यांची पुडी काढून दाखवली. आईनं ती हातात घेतली, गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि ते तिथंच सडलं.

“मंदे,” ती म्हणाली, “शहरात कावळा शिवण्याला पाळी म्हणतात. नर्सबाई पण म्हणती. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?”

“नाही.”

“एवढा तासभर काय सांगत होती मग ती बया?”

“जास्वंदीचं.”

आई उठली. मांडीवरची टरफलं तशीच लुगड्याला चिकटलेली. चप्पल न घालताच ती निघाली आणि मी तिच्या मागं.

लोंढ्यांच्या परसात चूल पेटली होती. पातेल्यात काळपट काहीतरी उकळत होतं. त्याला गूळ, कसलंसं बी आणि वर जळकट असा वास होता. केशरला गोठ्यात गोणपाटावर बसवलं होतं, कारण आता ती बाटलेली. तिच्या पुढ्यात पितळी पेला होता, भरलेला. ती त्याच्याकडे बघत होती. विष्णूकाका दाराशी पाठमोरे बसले होते.

“घे म्हणते न्हवं,” वच्छाकाकू म्हणाली.

आईनं तो पेला उचलला आणि गटारात ओतला. मग पदरानं धरून पातेलं चुलीवरनं काढलं आणि तेही ओतलं. गटारातनं वाफ आली. वच्छाकाकू तोंड उघडायच्या आत आई केशरपुढं उकिडवी बसली.

“केशर, माझ्याकडं बघ. तुला कधी रक्त गेलंय का? कपड्याला लागलंय का?”

विष्णूकाका ताडकन उठले. “वहिनी, माझ्यासमोर काय हे?”

“तुमच्यासमोरच. बसा खाली. केशर, सांग.”

“कुठनं काकू?” केशर म्हणाली.

आई विष्णूकाकांकडे वळली. “ऐकलं? भावजी, ही पोरगी वर्ग झाडायची पाळी सांगत होती. ती बाई भलतंच समजली. ह्या पोरीला अजून काही झालेलंच न्हाई.”

विष्णूकाकांना समजायला वेळ लागला. मी दाराच्या मागं लिहिलेली नावं सांगितली, रांजणाचं सांगितलं, गोळ्या दाखवल्या. त्यांचा हात हळूहळू मांडीवर पडला. त्याच हातानं त्यांनी मारलं होतं.

“मग पोट?” ते म्हणाले.

“ते मला काय ठाव? मी काय डॉक्टर हाय? पोट दुखतं म्हणती तर दवाखान्यात न्यायचं, काढा कसला पाजता? टेम्पो काढा.”

“लोकं बघतील,” वच्छाकाकू म्हणाली. “उजेडी कशाला न्यायची? अंधार पडू दे.”

आईनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

टेम्पोत मागं दुधाचे कॅन होते. केशर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि खालच्या फळ्यांवर सांडलेलं नासकं दूध आमच्या कपड्यांना लागत होतं. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची. मधेच तिनं विचारलं, “मंदे, मी काय केलं गं?” मी तिच्या कपाळावरचा घाम माझ्या बाहीनं पुसला.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आईला बरोबर घेऊन त्या केशरला आत घेऊन गेल्या. मी बाहेरच्या बाकावर. आतनं केशर एकदाच मोठ्यानं ओरडली. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती उभी होती ताठ.

डॉक्टरीणबाईंनी हात पुसत विष्णूकाकांना विचारलं, “किती दिवस दुखतंय हिचं पोट?”

“दिवाळीपासनं म्हणत होती. महिन्या-महिन्याला दुखायचं.”

“दर महिन्याला दुखतंय आणि तुम्हाला शंका आली नाही? तिला पाळी येतच होती. बाहेर यायची वाट जन्मापासून एका पातळ पडद्यानं बंद होती. सगळं रक्त आत साठत गेलं. म्हणून पोट फुगलं. मी लहानशी चीर दिली, एवढंच. काकवीसारखं काळं, घट्ट निघालंय. आता आठ दिवसांत ही उड्या मारायला लागेल. कुणी काही पाजलं तर नाही ना?”

“नाही,” आई म्हणाली.

“पाजलं असतं आणि आत कळा आल्या असत्या तर मला इथं काही करता आलं नसतं. शाळेत सांगत नाहीत का मुलींना?”

“सांगितलं की आजच,” आई म्हणाली. “फुलांचं सांगितलं.”

विष्णूकाका पायरीवर बसले होते. म्हणाले, “वहिनी, म्या तिला मारलं.”

“मला काय सांगता? आत जाऊन तिला सांगा.”

ते गेले का, काय बोलले, मला ठाऊक नाही. केशरनंही कधी सांगितलं नाही.

पण खरी शिसारी मला त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. केशर घरी आली आणि त्याच वच्छाकाकूनं तिला पाटावर बसवलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गजरा. आळीतल्या बायका ओटी भरायला आल्या. पोरगी शहाणी झाली म्हणून पेढे वाटले. ज्यांनी चार दिवस आधी तिच्या घरावरनं जाताना थुंकून नाक मुरडलं होतं, त्याच बायका तिच्या गालावरनं बोटं मोडत होत्या. मला पेढा दिला. मी तो कुत्र्याला टाकला.

शाळेत तर कहरच. सोमवारी प्रार्थनेनंतर पिसाळ सरांनी केशरला व्यासपीठावर बोलावलं. वसुधाताई आल्या होत्या, बरोबर फोटोवाला. मागं तोच जास्वंदीचा तक्ता. सर बोलले, “आपल्या शिबिरात वेळीच लक्ष गेल्यामुळे एका विद्यार्थिनीचे प्राण वाचले. ताईंचे उपकार आपण कधी विसरणार नाही.” टाळ्या झाल्या. डांगेबाईंनी डोळ्याला पदर लावला, आता तो डोळ्याला होता. मग सर केशरला म्हणाले, “बाळ, ताईंचे दोन शब्दांत आभार मान.” बाळ म्हणाले तिला.

केशर माइकसमोर उभी राहिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं नीट चित्र काढून समजावलं होतं, आणि तिनं ते मला समजावलं होतं. तिला आता शब्द माहीत होता. ती सरांकडे वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत, सावकाश बोलली.

“मागच्या वेळी माझी पाळी चुकली होती. ती मंदानं केली. आज पाळी मंदाची आहे, तर आज ती मी करणार. वर्ग झाडून झाल्यावर माझा बाक मी स्वतःच धुणार आहे. फिनेलचा वास अजून गेला नाही, सर.”

पोरं काही कळून आणि काही न कळून हसायला लागली. सरांचा चेहरा लाल झाला. फोटोवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला, त्यानं फोटो काढला. त्यात वसुधाताईंचं तोंड उघडं आलंय.

त्यानंतर सरांनी काय केलं असेल? धडा शिकवला? पानं सोडवायला सांगितली? छे. त्याच दुपारी त्यांनी दारामागचा ‘पाळी’ हा शब्द ओल्या फडक्यानं पुसायला लावला. “हा शब्द पुन्हा शाळेत ऐकू येता कामा नये,” असं सगळ्या वर्गांत फिरून सांगितलं. “यापुढं ड्युटी म्हणायचं.” पेंटर बोलावून प्रत्येक वर्गात पांढऱ्या रंगात लिहून घेतलं. ड्युटी.

केशर आता फलटणला असते. दोन मुली आहेत तिला आणि दोघींना सगळ्या गोष्टींची नावं माहीत आहेत. मला गावातच दिली. माझी लेक प्रज्ञा त्याच शाळेत नववीला आहे. पिसाळ सर कधीच गेले, पण पांढरी ‘ड्युटी’ अजून भिंतीवर आहे. धड्याची पानं आता कुणी चिकटवत नाही. नवे सर म्हणतात, “घरी वाचा.” आणि मुलींना तोंडातनं काढायला एक शब्द लागतोच, तो त्यांनी शोधला. शाळेतल्या सगळ्या मुली आता त्या चार दिवसांना ड्युटी म्हणतात. मला हे कळलं तेव्हा मी हसले होते.

परवा मी भाकरी थापत होते. प्रज्ञा दप्तर टाकून दाराशी बसली, पाय पोटाशी घेऊन. मग म्हणाली, “आई, माझी ड्युटी चुकली.”

माझे हात पिठात तसेच राहिले. मी विचारलं, “कोणती?”

ती जमिनीकडे बघत राहिली.

“प्रज्ञा, कोणती? झाडायची, का रक्ताची?”

“शी,” ती म्हणाली आणि नाक मुरडलं. “असं काय घाण बोलतेस.”

मी हात धुतले, तिच्यासमोर येऊन बसले आणि तेच पुन्हा विचारलं, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.